यंदा आमच्याकडे सण नाही

तमारा इवानोव्नांच्या घरात झाड गॅलरीतून आत यायचं. बाजारातून आणलं की ते दोरीनं आवळून गॅलरीत उभं करून ठेवायचं, म्हणजे बाहेरच्या थंडीत ताजं राहतं, आणि वर्ष संपत आलं की आत घ्यायचं. आत आल्यावर तासाभरात ते सैल पडायचं. फांद्या एकेक करून खाली यायच्या, आणि घरभर ओल्या लाकडाचा आणि राळेचा वास सुटायचा. गॅलरीत झाडाच्या शेजारी आंबवलेल्या कोबीच्या बरण्या असायच्या, छोट्या संत्र्यांची पेटी असायची, आणि हाडं उकळून थिजवलेल्या मांसाचं पातेलं, ज्याच्याकडे मी बघत नसे. घरात फ्रीज होता, पण हिवाळ्यात त्यात त्या फक्त औषधं आणि लोणी ठेवायच्या. "देवानं एवढा मोठा फ्रीज फुकट दिलाय," असं म्हणायच्या. मी पहिल्यांदा त्या झाडाला ख्रिसमस ट्री म्हणाले, तेव्हा त्यांनी माझी चूक लगेच सुधारली. हे नव्या वर्षाचं झाड. ख्रिसमस नंतर, जानेवारीत येतो. त्याला झाड लागत नाही, उपास लागतो.

मी पुण्याहून तिकडे डॉक्टर व्हायला गेले होते. व्होल्गाकाठचं शहर, फार मोठं नाही, फार लहानही नाही. पहिलं वर्ष कॉलेजच्या होस्टेलवर काढलं आणि दुसऱ्या वर्षी तमारा इवानोव्नांच्या घरात एक खोली घेतली. होस्टेलवर आपलीच मुलं-मुली होती, वरणभाताचे कुकर होते, रात्रभर गप्पा होत्या, आणि मला नेमकं तेच झेपत नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, घरात मराठी, आणि दोन्हींत मी सारखीच कमी बोलायचे. रशियन ही मी गप्प राहायला शिकलेली तिसरी भाषा. तमारा इवानोव्नांना ते चालायचं. त्या एका नाटक कंपनीत पोशाख शिवून निवृत्त झालेल्या, नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला, मूल नाही. बोलायच्या त्याच, आणि शिवताना तोंडात टाचण्या असल्या तरी बोलायच्या. तिथे मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारत नाहीत. नावापुढे वडिलांचं नाव लावायचं, तेव्हा तो मान होतो. मला ते आवडायचं. त्यांना रोज हाक मारताना कोणी एक इवान, ज्याला मी कधी पाहिलं नव्हतं, आमच्या बोलण्यात येऊन जायचा.

माझे वडील मार्केट यार्डात गुळाचा व्यापार करायचे. आमचं घर धनकवडीत, पण बाबांचं खरं घर म्हणजे गुलटेकडीचा तो गाळा. सकाळी अंधारात स्कूटर काढून जायचे आणि दुपारी जेवायला येताना कपड्यांना, केसांना, हाताच्या बोटांनाही गुळाचा वास घेऊन यायचे. ते मूळचे पुरंदरकडच्या खेड्यातले, आई सदाशिव पेठेतली. आई 'आहे' म्हणायची, बाबा 'हाय' म्हणायचे, आणि मी शाळेतून आल्यावर इंग्रजीतलं 'या' म्हणायचे. आई बाबांना म्हणे, "तीन माणसं, तीन बोर्ड." माझं नि बाबांचं बोलणं असं फार नव्हतंच. माझ्या शाळेतलं त्यांना कळत नसे आणि यार्डातलं मला. पण ते खिशातून कागदात गुंडाळलेला गुळाचा खडा काढायचे, माझ्या तळहातावर ठेवायचे आणि विचारायचे, "सांग बाय, काय वाटतं?" मी जिभेवर ठेवून सांगायचे: खारट आहे, किंवा धुरकट आहे, किंवा चांगला आहे. मी खारट म्हटलेल्या मालाची गाडी त्यांनी एकदा खरोखर घेतली नव्हती, असं आई सांगते. आमचं प्रेम, जिव्हाळा, जे काही म्हणतात ते, सगळं त्या तळहातावर चालायचं.

मी दुसऱ्या वर्षासाठी निघाले तेव्हा बाबांनी एक लहानशी ढेप धुतलेल्या मलमलच्या फडक्यात बांधून माझ्या बॅगेत अगदी तळाशी ठेवली. आई म्हणाली, "अहो, विमानतळावर उघडून बघतील, त्यांना काय वाटेल?" बाबा म्हणाले, "वाटू दे काय वाटायचं ते. तिथं सगळी साखर खात्यात. साखरेनं थंडी जात नाय." मग मला म्हणाले, "संक्रांतीला फोड. आधी हात लावू नको." तिकडच्या विमानतळावर गणवेशातल्या बाईनं ती ढेप खरंच हातात घेतली, वास घेतला, सहकाऱ्याला वास दिला, आणि काही न बोलता परत ठेवली. हे मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा कितीतरी वेळ हसत होते.

त्यांना लिहिण्याचा कंटाळा. ते आवाजी निरोप पाठवायचे. मी सकाळी जागी व्हायचे ते अंगणातला बर्फ ओढणाऱ्या फावड्याच्या आवाजानं, लोखंड दगडावर घासल्याचा एक लांबट आवाज. आणि उशाशी फोनवर बाबांचा निरोप आलेला असायचा. त्यात मागे यार्डाचा सगळा गलका: हमालांच्या आरोळ्या, टेम्पोचा भोंगा, कोणीतरी "शेठ, ओ शेठ" करतंय, आणि त्यात बाबांचा आवाज: "काय गं बाय, जेवलीस का? इथं आवक वाढली. थंडी हाय. चल ठेवतो." दररोज जवळजवळ तेवढंच. आणि मी उत्तर लिहायचे, "हो बाबा," कारण बोलून पाठवायची मला लाज वाटायची.

इथे मला माझ्या लहानपणातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी सात-आठ वर्षांची असेन. दिवाळीत आईनं माझ्या हातात चकल्या-करंज्यांचा डबा देऊन मला वरच्या मजल्यावर शिंदेकाकूंकडे पाठवलं. त्यांच्या घरी आकाशकंदील नव्हता, दारात रांगोळी नव्हती. मी विचारलं, "काकू, तुम्ही फराळ का नाही केला?" काकू नुसत्या हसल्या. घरी आल्यावर आईनं मला जवळ बसवून समजावलं. त्यांचे सासरे गेले. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात वर्षभर सण नसतो. त्यांनी करायचं नाही, म्हणून शेजाऱ्यांनी द्यायचं. आणि तो डबा ते रिकामाच परत देतात, एरवीसारखी त्यात साखर घालून नाही. मी म्हटलं, "मग कुणाला विचारायचं नाही का, का नाही केलं म्हणून?" आई म्हणाली, "विचारायचं नाही. डबा दिसला की कळतं."

त्या डिसेंबरात बाबांचे निरोप येणं थांबलं. मी आईला विचारलं, तर म्हणाली, फोन पाकात पडला. गुळाच्या व्यापाऱ्याचा फोन पाकात पडणं मला इतकं साहजिक वाटलं की मी हसले. मग नवा का घेत नाहीत? सीझन आहे, वेळ कुठाय त्यांना. हेही खरं होतं. संक्रांतीच्या आधीचा महिना म्हणजे गाळ्यावर श्वास घ्यायला फुरसत नसते, जेवणसुद्धा कधीकधी तिथेच जातं. लहानपणी त्या दिवसांत बाबा मला फक्त झोपलेले दिसायचे. त्यामुळे मी व्हिडिओ कॉल केला की आई एकटी दिसायची आणि बाबा गाळ्यावर असायचे, यात नवल काहीच नव्हतं. एवढंच जाणवायचं की आई बोलता बोलता सारखा कपाळाला हात लावते. मी विचारलं, "डोकं दुखतंय का?" म्हणाली, "हो, थोडं. थंडीचं." मग लगेच विचारलं, "तुझी ॲनाटॉमीची तोंडी कधी आहे?" त्या महिनाभरात हा प्रश्न तिनं इतक्यांदा विचारला की मी चिडलेच. तिकडे हिवाळी परीक्षा नवं वर्ष झाल्यावर, जानेवारीत असते. सणाच्या दिवसांत सगळं गाव नाचत असतं आणि विद्यार्थी हाडांची नावं पाठ करत असतात. मी म्हणाले, "आई, संक्रांतीनंतर आहे, शंभरदा सांगितलं." ती म्हणाली, "बरं बाई. अभ्यास कर."

वर्ष संपायच्या संध्याकाळी तमारा इवानोव्नांची बहीण झोया इवानोव्ना आली. ती थोरल्या बहिणीच्या दुप्पट आकाराची आणि निम्म्या सहनशक्तीची. दारात उंबरठ्यावर मी तिचा हात हातात घ्यायला गेले तर ओरडली, "उंबरठ्यावरून नाही! भांडण होतं!" आणि आत येऊन मग मला मिठीत घेतलं. टेबल दुपारपासून भरत होतं. बटाटे, गाजर, मटार, अंडी आणि लोणच्यातली काकडी बारीक चिरून मेयोनेझमध्ये कालवलेलं सॅलड तिथे प्रत्येक घरात होतं. माझ्यासाठी त्याचा एक वाडगा मांसाशिवाय वेगळा काढला होता. झोया इवानोव्नानं त्यात डोकावून म्हटलं, "हे म्हणजे झाडाशिवाय नवं वर्ष." तमारा इवानोव्ना म्हणाल्या, "खाऊ दे तिला. सगळा भारत असंच खातो आणि बघ किती जण आहेत." संत्री सोललेली, त्यांची सालं हीटरवर वाळत टाकलेली, त्यांचा आणि झाडाचा असा मिळून एक वास. आजही पुण्यात डिसेंबरमध्ये हातगाडीवरची संत्री सोलली की मला आधी तो हीटर आठवतो.

तिथे आधी जुन्या वर्षाला निरोप देतात आणि मग नव्याचं स्वागत करतात. निरोपाच्या वेळी दोघींनी पेले उचलले. त्यांचे वाइनचे, माझा सरबताचा. मी उत्साहानं माझा पेला झोया इवानोव्नाच्या पेल्यावर आपटायला गेले, तर तिनं पेला मागे घेतला. तमारा इवानोव्नांनी माझ्या नावाचं रशियन लाडकं रूप करून हळू समजावलं, "हा नाही भिडवायचा, मीरोच्का. हा गेलेल्यांसाठी. त्यांचा पेला आपल्यापर्यंत पोचत नाही, म्हणून आपणही एकमेकांचा भिडवायचा नाही." कपाटावर त्यांच्या नवऱ्याच्या फोटोपुढे एक लहान पेला भरून ठेवला होता, त्यावर काळ्या पावाचा तुकडा झाकणासारखा ठेवलेला. आम्ही तिघी गप्प प्यालो. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, आणि थोडं बरंही वाटलं, की माझं अजून कोणी तसं गेलेलं नाही.

मग बाराच्या ठोक्यांना ती चिठ्ठीची गडबड. कागदाच्या कपट्यावर इच्छा लिहायची, मेणबत्तीवर जाळायची, राख पेल्यात टाकून ठोके संपायच्या आत प्यायची. कोणाला सांगायची नाही. मी मराठीत लिहिलं, घाईघाईत, वेलांटी चुकवून: पुढच्या संक्रांतीला बाबांच्या गाळ्यावर. राख कडू लागली. मी ते सरबत एका दमात प्याले आणि झोया इवानोव्नानं टाळ्या वाजवून मला नाचायला ओढलं.

बाबांना जाऊन तेव्हा दोन आठवडे होत आले होते. मी हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, ती इच्छा. तिथला नियम पाळायचा म्हणून नव्हे.

त्यांचा ख्रिसमस आला. आदल्या दिवशी पहिला तारा दिसेपर्यंत काही खायचं नाही, आणि तारा दिसला की आधी कुत्या. शिजवलेले अख्खे गहू, त्यात मध, कुटलेली खसखस आणि मनुका. मी एक चमचा खाल्ला आणि थांबले. मी म्हटलं, "ही आमची खीर आहे. गव्हाची. आम्ही मध घालत नाही, गूळ घालतो." त्यांना गूळ म्हणजे काय ते शब्दांत सांगता येईना, म्हणून मी खोलीतून ढेप आणली आणि फडकं सोडून दाखवली. त्यांनी बोटानं तिच्यावर टकटक केलं. "फोड ना मग, घालून बघू." मी म्हटलं, "नाही, अजून नाही. बाबा म्हणालेत संक्रांतीला." "वडील म्हणालेत म्हणजे झालं," असं म्हणून त्यांनी स्वतःच फडक्याची गाठ बांधली.

आमच्या संक्रांतीच्या आगेमागेच तिथे जुन्या पंचांगाचं नवं वर्ष येतं. कॅलेंडर बदललं, पण लोकांनी सण सोडला नाही, दोन्ही करतात. संक्रांतीच्या सकाळी तमारा इवानोव्ना त्यासाठी पिठाचे कानवले करत होत्या आणि मी शेगडीच्या दुसऱ्या बाजूला तीळ भाजत होते. बाहेर बर्फाचा भुगा उडत होता, काचेच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या. मांस ठेचायच्या लाकडी हातोड्यानं मी ढेप फोडली. पहिला खडा जिभेवर ठेवला. चांगला होता. खूप चांगला होता, जराही खारट नाही. पाक मात्र मला साधला नाही. वड्या थापल्या, पण त्या मऊच राहिल्या. तरी मी खूश होते. एकटीनं केलेला तो पहिला सण होता.

मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून आईला व्हिडिओ कॉल केला. आई स्वयंपाकघरातच होती. तिच्या अंगावर साधी फिकी साडी होती. संक्रांतीला आई दरवर्षी काळी चंद्रकळा नेसते, पण हे मला तेव्हा नजरेला दिसलं तरी मनाला कळलं नाही.

"बघ, ढेप फोडली," मी ताट पुढे केलं.

"अगंबाई! जमल्यात की. पाक जरा कच्चा राहिला."

"राहिला. बाबांना दाखवायचं होतं."

"गाळ्यावर आहेत."

"आज? संक्रांतीला तर दुपारी येतात ना, गुळपोळी खायला."

"आज उशीर होईल." तिनं कपाळाला हात लावला.

"बरं. माझा तिळगूळ दे."

मागच्या वर्षीही आम्ही असं केलं होतं. तिनं तिकडून वडी स्क्रीनजवळ आणायची, मी इकडून हात पुढे करायचा, दोघींनी म्हणायचं ते म्हणायचं. आई वळली. ओट्यावरून तिनं एक डबा उचलला आणि उघडून माझ्यापुढे धरला. आत पांढरट, साखरेच्या, दाण्याच्या कुटाच्या वड्या होत्या. आमच्या घरात साखरेची वडी कधी झाली नाही. बाबांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. आणि तिच्या दुसऱ्या हातात झाकण होतं. स्टीलच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. शिंदे.

"हा शिंदेकाकूंचा डबा आहे," मी म्हटलं.

"हो. त्यांनी आणून दिला."

"आपला कुठाय?"

आईनं डब्यावर झाकण लावलं.

"आई, आपला तिळगूळ कुठाय?"

ती मला काहीही सांगू शकली असती. कंबर धरली, वेळ नाही झाला, तू नाहीस म्हणून केला नाही. इतके दिवस ती इतकं सगळं रचून सांगत होती. पण मला वाटतं, बाकीच्या गोष्टींबद्दल खोटं बोलणं तिला जमत होतं, सणाबद्दल खोटं बोलणं तिच्या जिभेला जमलं नाही. ती म्हणाली, "यंदा आपल्याकडे सण नाही, मीरू."

मी 'कोण' असं विचारलं नाही. मी विचारलं, "कधी?"

तिनं सांगितलं. गाळ्यावरच, सकाळी, मालाची गाडी उतरवून घेताना खाली बसले आणि उठले नाहीत. दवाखान्यापर्यंतही गेले नाहीत. चुलतभावानं अग्नी दिला. तेरावं होऊन गेलं. काका म्हणाले, पोरगी तिकडं एकटी हाय, तिची परीक्षा हाय, कळलं तर धावत येईल नाहीतर वेडी होईल, पेपर झाला की सांगू. "मला कोणी विचारलं नाही," आई म्हणाली, "आणि विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं." मग ती म्हणाली, "आता येऊ नकोस. येऊन काय करणार? सगळं झालंय. पेपर दे." तिचा आवाज अगदी कोरडा होता, वाण्याला यादी सांगताना असतो तसा. मी हो म्हटलं. मी कायम हो म्हणते. फोन बंद केल्यावर पातेल्यात उरलेला पाक दगड झालेला दिसला. वड्यांना नेमका तोच घट्टपणा हवा होता.

तमारा इवानोव्नांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यांनी हातातला कानवला खाली ठेवला होता. मी रशियनमध्ये सांगितलं. त्या भाषेत मला तेव्हा साधी वाक्यंच यायची, आणि त्या दिवशी ती पुरली. बाबा मेले. डिसेंबरमध्ये. मला आज सांगितलं. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, त्यांना माहीत होतं मी तशी नाही. त्या म्हणाल्या, "तू नव्या वर्षाला आमच्यासोबत नाचलीस." तक्रार म्हणून नव्हे. जणू माझ्यावर काय अन्याय झाला ते त्यांनी नेमकं बोट ठेवून दाखवलं. मग त्यांनी कपाटातून गव्हाची पिशवी काढली.

गहू शिजायला बराच वेळ लागतो. तेवढा वेळ मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. त्या बोलल्या नाहीत, आणि एवढा वेळ न बोललेलं मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. गहू उमलले तेव्हा त्यांनी मधाची बरणी पुढे ओढली, पुन्हा बाजूला सारली आणि माझ्याकडे बघितलं. मी ढेपेचे उरलेले तुकडे त्यांना दिले. कुत्या त्यांच्याकडे सणाला करतात तशीच माणूस गेल्यावरही करतात, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आमच्याकडे श्राद्धाच्या पानातही खीर असते, हे मला माहीत होतं. पण त्या वेळी कोणी काही सांगत नव्हतं. गूळ गव्हात विरघळला आणि त्या सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, बर्फाच्या खिडकीशी, माझे बाबा दुपारी जेवायला घरी आल्याचा वास सुटला.

मग त्यांनी लहान पेला काढला. "तुझे वडील काय प्यायचे?" मी म्हटलं, "चहा." त्यांनी पेल्यात चहा ओतला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा ठेवला आणि तो टेबलाच्या कडेला, रिकाम्या खुर्चीपुढे मांडला. "फोटो आहे?" फोनमध्ये होते, पण सगळे लग्नकार्यांतले, फेट्यातले. मला ते लावावेसे वाटेनात. मी बाबांचा शेवटचा आवाजी निरोप लावला. यार्डाचा गलका एकदम त्या घरात शिरला, हमाल ओरडले, भोंगा वाजला, "काय गं बाय, जेवलीस का? इथं आवक वाढली. थंडी हाय. चल ठेवतो."

तमारा इवानोव्नांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "काय म्हणतात?"

"जेवलीस का, म्हणतात."

त्यांनी वाटी माझ्यापुढे सरकवली. "मग जेव," त्या म्हणाल्या.

मी जेवले. त्यांनी त्यांचा चहाचा पेला उचलला, मी माझा उचलला, आणि आम्ही ते भिडवले नाहीत.

ॲनाटॉमीची तोंडी मी दिली आणि पासही झाले. तिथे तोंडीला प्रश्नाची चिठ्ठी उचलायची असते. माझ्या चिठ्ठीवर हृदय आलं, मी सांगितलं. हृदयाच्या झडपांची नावं मला आजही झोपेत येतात. उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याला आले. घरात बाबांचा हार घातलेला फोटो होता, गाळा चुलतभाऊ बघायला लागला होता, आणि आईचं कपाळ मोकळं होतं. मी तिला तसं कधीच पाहिलं नव्हतं. संक्रांतीनंतर आम्ही फोनवर नुसत्या आवाजावरच बोलायचो. म्हणजे फोनवर, सुरुवातीचा तो सबंध महिना, तिच्या कपाळावर टिकली होती, एवढं मला आठवत होतं. म्हणून तर मला काही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून केस विंचरायला आरशापुढे उभी राहिले तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात ती दिसली. जुनी, मरून रंगाची, कडा पांढुरक्या झालेली एक टिकली. आई मागे पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती.

"ही कशाला ठेवलीस?" मी विचारलं.

"ती होय." ती उठली नाही. "सगळी पाकिटं तुझ्या आत्यानं पहिल्याच दिवशी उचलून टाकली. ही एक आरशाला राहिली होती. तुझा फोन यायचा झाला की लावायचे आणि झाला की पुन्हा तिथं."

"तीच एक?"

"मग काय दुकानात जाऊन नवी आणू, तेराव्याच्या आत? गोंद गेला होता तिचा. बोलता बोलता पडली असती तर? सारखा हात लावून बघावं लागायचं."

मी आरशात तिच्याकडे बघत होते. तिला डोकेदुखी नव्हती तर. गेलेल्या माणसासाठी रडून, तोंड धुऊन, कपाळाला ती टिकली चिकटवून ती रोज माझ्यापुढे बसत होती आणि मला हाडांची नावं विचारत होती. मला बाबांचा निरोप घेता आला नाही हे दुःख मी तिकडून इथपर्यंत आणलं होतं. पण घरात असूनही तिला तरी तो कुठे धड घेता आला होता? रोज माझ्या फोनच्या वेळेला रडणं थांबवावं लागत होतं.

मी नखानं ती टिकली सोडवायला लागले.

"राहू दे," आई म्हणाली. "तुझ्या पुढच्या पेपरला लागेल."

आधी मला हसू आलं. मग तीही हसली, बाबांचा सदरा हातात तसाच धरून, आणि हसता हसता तिचा चेहरा बदलला. मी पलंगावर तिच्याशेजारी जाऊन बसले. आम्ही कधी एकमेकींना धरून रडणाऱ्यांतल्या नाही. त्या सदऱ्याचं एक टोक तिच्याकडे होतं, एक माझ्याकडे.